माणूस पडला तर दणका किती बसतो? अंदाज काढायची रीत

कुणी पडल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती फुटांवरनं?’ साताऱ्यात बांधकामाच्या साइटवर, ठोसेघर धबधब्याच्या वाटेवर, तालमीच्या कट्ट्यावर, सगळीकडे हाच. ‘आपटल्यावर किती अंतरात थांबला?’ असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. दणक्याचा हिशोब करायचा तर हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि एक फरकही आहे. उंची बहुतेक वेळा काम ठरवतं. स्लॅब तिसऱ्या मजल्यावर असेल तर तिसऱ्या मजल्यावरच चढावं लागतं. थांबण्याचं अंतर बरंचसं आपल्या हातात असतं.

हे लिहितोय ते नव्या मंडळींसाठी. नुकताच सुपरवायझर झालेला पोरगा, ट्रेकला माणसं घेऊन जायला लागलेले, दोरकाम शिकणारे, किंवा अकरावीचं फिजिक्स कुठं कामाला येतं हे बघायची हौस असलेले. दहावीचं विज्ञान आठवत असेल आणि मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असेल तर बाकी काही लागत नाही. येणारा आकडा अंदाजच असतो, दुप्पट-निम्मं इकडं तिकडं होतंच. पण दणका वजनाच्या सातपट की साठपट हे त्यातून स्वच्छ कळतं, आणि कामाला तेवढं पुरतं.

सूत्र एकच

पडताना शरीराला ऊर्जा मिळते: वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. थांबताना ती सगळी कशात तरी जिरवावी लागते: बल × थांबण्याचं अंतर. दोन्ही बाजू समान मांडल्या आणि थांबतानाही वजन खाली ओढतच असतं हे धरलं, की हाती येतं:

दणका, शरीराच्या वजनाच्या पटीत = (उंची ÷ थांबण्याचं अंतर) + १

उंची म्हणजे पहिला स्पर्श होईपर्यंतचं पडणं. थांबण्याचं अंतर म्हणजे स्पर्श झाल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत शरीराचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू) अजून किती खाली गेला ते. दोन्ही एकाच मापात घ्या, दोन्ही मीटर नाहीतर दोन्ही फूट. गुरुत्व त्वरण इथं कटून गेलं, म्हणून ते ९.८ घ्यायचं की १० हा वादच उरला नाही. (साताऱ्याचा अक्षांश आणि उंची धरली तर ते ९.७८ च्या आसपास भरतं. पण पडण्याच्या हिशोबात इतकी बारीक मापं काढणं म्हणजे निव्वळ हौस.)

पायरी पहिली: वजन

ही सोपी. माणूस ७० किलो आणि अंगावर हत्यारं, बूट, हेल्मेट मिळून ५ किलो, तर ७५ धरा. ट्रेकवाल्यांनी पाठीवरची सॅक विसरू नये. पावसाळ्यात भिजलेली सॅक चांगलीच जड होते. ७५ किलोचं वजन न्यूटनमध्ये ७५ × ९.८ = ७३५. साइटवर न्यूटन बोललेले कुणाला समजत नाही, म्हणून तोंडी व्यवहारात १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार असं सांगत जा.

पायरी दुसरी: उंची, आणि ती कुठून मोजायची

इथं नवा माणूस हमखास चुकतो. स्लॅबची कड जमिनीपासून दहा फूट आहे म्हणून उंची तीन मीटर लिहून मोकळा होतो. ती बरोबर कधी? माणूस उभ्याचा उभा सुटला आणि पायांवरच उतरला, तर. तो आडवा आपटला असेल तर हिशोब वेगळा. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. १.७ मीटर उंचीच्या माणसाचा म्हणजे सुमारे ०.९३ मीटरवर. स्लॅबवर उभा असताना तो जमिनीपासून ३.९३ मीटरवर होता आणि कुशीवर आपटला तेव्हा जेमतेम १२ सेंटिमीटरवर आला. म्हणजे खरं पडणं ३.८ मीटर. पाऊण मीटरचा फरक पडला, आणि तो सोडून देण्यासारखा नाही.

उलट, कड हातानं धरून लोंबकळला आणि मग सुटला, तर उंची कमी होते. लोंबकळताना पाय कडेच्या खाली दोनएक मीटरवर असतात. तीन मीटरच्या स्लॅबवरून असा सुटला तर पायाखाली उरतो फक्त मीटरभर. कंपाउंडवरून उतरताना गावाकडची पोरं हे न शिकता करतात.

उंची मोजायची कशानं? टेपनं. टेप पोचत नसेल तर जिन्याच्या पायऱ्या मोजा. एका पायरीची उंची सहसा १५ ते १८ सेंटिमीटर असते. परांचीचे टप्पे मोजा, भिंत उघडी असेल तर विटांचे थर मोजा. कड्यावर दोर सोडून त्याला खूण करा आणि वर ओढून मोजा.

दगड टाकून सेकंद मोजायची युक्ती सगळ्यांना आवडते, पण ती फसवी आहे. सेकंदांचा वर्ग गुणिले ४.९ केलं की मीटर मिळतात. १ सेकंदाला सुमारे ५ मीटर, २ सेकंदांना १९.६, ३ सेकंदांना ४४. आता मोबाइलवर बोट दाबायला ०.२ सेकंदाची गफलत झाली असं धरा, आणि ती होतेच. २ सेकंदांऐवजी १.८ मोजले तर १६ मीटर, २.२ मोजले तर जवळजवळ २४. एवढ्याशा चुकीनं अडीच मजल्यांचा घोळ. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीची खोली ११० फूट सांगतात. कोरड्यात तेवढं पडायला दगडाला २.६ सेकंद लागतील. पण तिथं जाऊन हा प्रयोग करू नका. ती अठराव्या शतकातली विहीर आहे, मोजपट्टी नव्हे. कड्याखाली तर माणसं असू शकतात, तिथं दगड टाकून उंची काढायचा शहाणपणा कुणी करूच नये.

पायरी तिसरी: आपटतानाचा वेग

सूत्रात वेग लागत नाही, पण समोरच्याला पटवायला तो फार उपयोगी पडतो. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × उंची. उत्तर मीटर प्रतिसेकंद येतं, त्याला ३.६ नं गुणलं की किलोमीटर प्रतितास. १ मीटरला १६, २ मीटरला साडेबावीस, ३ मीटरला २८, ५ मीटरला ३६, १० मीटरला ५०, २० मीटरला ७१.

मिस्त्री म्हणतात, ‘दहाच फूट हाय की सर, काय होतंय?’ त्यांना २८ सांगून बघा. मोटरसायकल २८ च्या स्पीडनं भिंतीवर घातली तर काय होतं हे त्यांना नव्यानं सांगावं लागत नाही. दहा फूट पडायला वेळ लागतो ०.७८ सेकंद. ‘पडताना काहीतरी धरीन’ म्हणणाऱ्यालाही हा आकडा ऐकवावा.

माणूस जाड असो की बारीक, वेग तोच येतो. हवेचा अडथळा वीसएक मीटरपर्यंत सोडून दिला तरी चालतो. फार उंचावरून मात्र तो खेळ बदलतो: पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग तासाला सुमारे १९० ते २०० किलोमीटरला जाऊन थबकतो. सेकंदाला ५४ मीटर धरले तर आपल्या सूत्रात ही उंची सुमारे १५० मीटर भरते. म्हणजे विमान कितीही उंच असो, हिशोबात उंची दीडशे मीटरच घालायची.

पायरी चौथी: थांबण्याचं अंतर

सगळा जीव या पायरीत आहे. तीच स्लॅब, तोच ७५ किलोचा माणूस, तेच तीन मीटर.

पाय ताठ ठेवून काँक्रीटवर उतरला. काँक्रीट दबत नाही. टाचेखालची गादी, बुटाचा सोल, सांध्यांमधली थोडी दबण्याची जागा, सगळं मिळून ५ सेंटिमीटर धरा. ३ ÷ ०.०५ = ६०, अधिक १, म्हणजे वजनाच्या ६१ पट. ७३५ × ६१ म्हणजे सुमारे ४५ किलोन्यूटन, साडेचार टनांचा भार. टाचेचं हाड आणि कमरेचे मणके एकाच वेळी का मोडतात ते इथं दिसतं. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल तर डॉक्टर पाठीचा कणाही तपासतात, त्याचं कारण हेच.

तोच माणूस चवड्यांवर उतरून घोटे, गुडघे, कंबर दुमडत खाली बसला आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर खाली गेला, तर ३ ÷ ०.५ = ६, अधिक १, सातपट. सुमारे ५.१ किलोन्यूटन. पंचेचाळीसचे पाच झाले आणि उंची इंचभरही कमी झाली नाही.

मात्र दहा फुटांवरून नकळत सुटलेला माणूस अर्धा मीटर नीट दुमडत नाही. ते तालीम केलेल्याचं काम. अचानक पडणाऱ्यासाठी पायांवर उतरल्यास १० ते ३० सेंटिमीटर आणि आडवा आपटल्यास काँक्रीटवर ५ च्या आसपास धरून बघा. एकच आकडा धरू नका. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही घालून दोन उत्तरं काढा आणि दोन्ही लिहा.

जमीन किती दबते हे बघायला पडल्या जागी उमटलेला ठसा मोजा. नांगरलेल्या रानात, वाळूच्या ढिगावर, गवताच्या गंजीवर ठसा दिसतो. डांबरावर आणि कातळावर दिसत नाही. ठशाची खोली शरीराच्या दबण्यात मिळवा.

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे तालमीतला हौदा. तांबडी माती खोऱ्यानं उकरून, चाळून, तेल, ताक, हळद घालून मऊ ठेवतात, आणि कुस्तीआधी पुन्हा उकरतात. आता हिशोब करा. पैलवानाला कमरेपर्यंत उचलून टाकला, गुरुत्वमध्य १.२ मीटर पडला. फरशीवर, शरीराचंच ५ सेंटिमीटर दबणं धरून, २५ पट. हौद्यात मातीनं अजून ८ सेंटिमीटर दिले तर १.२ ÷ ०.१३, म्हणजे सव्वानऊ, अधिक एक, सव्वादहा पट. उकरलेल्या आठ सेंटिमीटर मातीनं दणका निम्म्याहून कमी केला. वस्ताद रोज पहाटे पोरांना माती का उकरायला लावतात याला व्यायामाखेरीज हेही कारण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत मॅटवरच कांस्यपदक घेतलं.

पाण्याचंही इथंच उरकतो. दहा मीटरवरून पाय खाली करून सरळ घुसलेला माणूस तीनएक मीटर खोल जाऊन थांबला तर दणका चार-सव्वाचार पट. पोटावर आपटला आणि ४० सेंटिमीटरमध्ये बहुतेक वेग गेला असं धरलं तर २६ पट. विहिरीत पाणी तीन मीटर नसेल तर पहिलं उदाहरण लागूच होत नाही, कारण खाली कातळ आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं: पडण्याची उंची वाढते आणि थांबायची जागा घटते, दोन्ही एकदम. पोरांना सूर मारायचा असतो नेमका तेव्हाच.

पायरी पाचवी: सरासरी आणि शिखर

वरचं उत्तर सरासरी बल आहे. प्रत्यक्षात दणका शून्यापासून चढतो, शिखराला जातो आणि उतरतो. दबणारी वस्तू स्प्रिंगप्रमाणे वागते असं मानलं तर शिखराचं बल सरासरीच्या बरोबर दुप्पट येतं. म्हणून सातपट आलं तर ‘सात ते चौदा पट’ असं लिहा. हाड मोडायचं ते शिखराला मोडतं.

पायरी सहावी: कुठल्या भागावर, किती जागेत

सूत्र सगळ्या शरीराला एक गोळा धरतं. शरीर तसं नाही. कोपरावर आलेले ५ किलोन्यूटन आणि सगळ्या पाठीवर पसरलेले ५ किलोन्यूटन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्युदोत पडता पडता हाताचा तळवा आणि बाहू जमिनीवर आपटायला शिकवतात ते याचसाठी: बल जास्त जागेवर वाटलं जातं आणि डोकं वर राहतं.

डोक्याचा हिशोब नेहमी वेगळा करा. कवटी दबून दबून किती दबणार? त्वचा आणि हाड मिळून अर्धा सेंटिमीटर धरू. १.६ मीटरवरून डोकं फरशीवर आलं तर १.६ ÷ ०.००५ म्हणजे ३२० पट. हेल्मेटच्या फोमनं अडीच सेंटिमीटर दिले तर एकूण तीन, उत्तर ५४. हेल्मेट डोक्याला ‘कडक’ करतं असा समज आहे. त्याचं खरं काम दबण्याचं. म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद करायचं. फोम एकदाच दबतो.

चक्कर येऊन ताठच्या ताठ आडवा होणारा माणूस तर अजून वाईट पडतो. टाच जमिनीला टेकलेली, आणि सगळं शरीर काठीगत फिरत खाली येतं. अशा वेळी डोक्याचा वेग मोकळ्या पडण्यापेक्षा जास्त असतो. हिशोबात उंची दीडपट धरा, १.६ ऐवजी २.४. उभ्या उभ्या पडूनही माणसं दगावतात याचं उत्तर यात आहे.

आणि घरातलं पडणं. न्हाणीघरात आजी कुशीवर पडली. वजन ५५ किलो, पण खुब्यावर येतो साधारण अर्ध्या शरीराचा भार, म्हणजे २७ किलो. खुबा ०.७ मीटर खाली आला, मांसचरबीनं ५ सेंटिमीटर दिले. ०.७ ÷ ०.०५ = १४, अधिक एक, १५ पट. २७ × ९.८ × १५ म्हणजे जवळजवळ ४ किलोन्यूटन. म्हाताऱ्या माणसांच्या मांडीच्या हाडाचा खुब्याकडचा भाग कुशीवरच्या माराला प्रयोगात ३ ते ४ किलोन्यूटनच्या आसपास मोडतो असं दिसलं आहे. तरण्या हाडाला याच्या दुप्पट लागतं. म्हणजे आजीच्या बाबतीत उंची ‘काहीच नाही’ असली तरी हिशोब काठावर येतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा खर्च फार वाटत असेल तर हा आकडा घरच्यांना दाखवा.

पायरी सातवी: दोर आणि बेल्ट

दोरावर पडलेल्या माणसाला जमीन थांबवत नाही, दोराचा ताण थांबवतो. इथं थांबण्याचं अंतर म्हणजे दोर किती ताणला ते. आणि इथं एक गंमत आहे जी नव्यांना पटकन पटत नाही. दोर जेवढा लांब तेवढा जास्त ताणतो. त्यामुळं महत्त्वाची ठरते ती पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी. गिर्यारोहक याला फॉल फॅक्टर म्हणतात. दोन मीटर दोरावर दोन मीटर पडणं आणि दहा मीटर दोरावर दहा मीटर पडणं, दोन्हींचा फॅक्टर १ आणि दोराला बसणारा हिसका जवळपास सारखाच.

आता साइटवरचा नेहमीचा प्रकार घ्या. कमरेला साधा दोर, जोरात ओढला तर ५ टक्के ताणणारा. फॅक्टर १. १ ÷ ०.०५ = २०, अधिक एक, २१ पट; आपल्या ७५ किलोच्या गवंड्याला १५ किलोन्यूटनच्या वर, तेही सरासरी आणि तेही कमरेच्या एका पट्टीवर. दोर तुटला नाही तरी आतड्यांचं, मणक्याचं काय होईल ते सांगायला नको. कमरेला दोर बांधून ‘सेफ्टी केली’ असं म्हणणाऱ्या ठेकेदाराशी मी वाद घालत नाही, हाच भागाकार त्याच्यासमोर करतो.

गिर्यारोहणाचा डायनॅमिक दोर जोराच्या पडण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ताणतो. फॅक्टर १ लाच १ ÷ ०.३ अधिक एक, सव्वाचार पट सरासरी; शिखर दुप्पट धरलं तर सहा-साडेसहा किलोन्यूटन. यूआयएए या गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत ८० किलोचं वजन सुमारे १.७७ फॅक्टरनं पाडतात, आणि सिंगल दोरावर पहिल्या पडण्याचा हिसका १२ किलोन्यूटनच्या आत असावा लागतो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, कमी ताणणारा स्टॅटिक दोर यासाठी नसतो. तो उतरायला चांगला. त्यावर चढताना पडू नये.

साइटसाठी पूर्ण शरीराचा हार्नेस (छाती-मांड्यांभोवतीचे पट्टे) आणि शॉक अॅब्सॉर्बर लावलेला लॅनयार्ड (हार्नेस हुकाला जोडणारा आखूड दोर) घ्या. भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का बघून घ्या. अॅब्सॉर्बर म्हणजे घडी घालून शिवलेली पट्टी. माणूस पडला की शिवण टराटरा उसवत जाते आणि त्या उसवण्यातच थांबण्याचं अंतर मिळतं. युरोपीय मानकात असा अॅब्सॉर्बर हिसका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो आणि त्यासाठी जास्तीत जास्त १.७५ मीटर उसवू शकतो.

आता खालची जागा मोजा, कारण इथं चांगले चांगले सुपरवायझर अडकतात. लॅनयार्ड २ मीटर, उसवणं १.७५, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५, वर १ मीटर राखीव: ६.२५ मीटर. हुक पायाशी स्लॅबच्या सळीला अडकवला असेल तर खाली वीस फुटांहून जास्त मोकळी जागा हवी. पहिल्या स्लॅबवर ती नसते. दहा फुटांवर काम करणारा माणूस महागाचा हार्नेस घालून, अॅब्सॉर्बर उसवायच्या आतच जमिनीवर पोचतो. तिथं दोनच उपाय: हुक डोक्यावर अडकवायचा म्हणजे मोकळं पडणं अर्ध्या मीटरवर येतं, नाहीतर कडेला कठडा लावायचा म्हणजे पडणंच नको. मला विचाराल तर आधी कठडा.

हार्नेसमध्ये लोंबकळणारा माणूस ‘वाचला’ म्हणून चहा प्यायला जाऊ नका. मांडीच्या पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. पडल्यावर नाही, काम सुरू करण्याआधीच त्याला खाली कसं घ्यायचं ते ठरलेलं असावं.

हिशोब कुठं चालत नाही

अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरून गडगडत गेलेल्या माणसाला हे सूत्र सरळ लावू नका. तो पडत नाही, घसरतो, आपटतो, पुन्हा घसरतो. एकूण उतरण शंभर फूट असली तरी ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी घासून जाते. अशा वेळी मधलं सगळ्यात मोठं सरळ पडणं शोधा, तेवढंच मोजा. झाडांच्या फांद्यांतून आलेल्यालाही तसंच. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, निकोलस अल्केमेड हा ब्रिटिश सैनिक जळत्या विमानातून पॅराशूटशिवाय १८,००० फुटांवरून उडी मारून वाचला. खाली देवदाराच्या जातीची झाडं आणि बर्फ होतं. फांद्या आणि बर्फ मिळून साडेपाच मीटर धरले, तर दीडशे भागिले साडेपाच, अधिक एक: २८ पट. १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या गाडीत, पट्ट्यांनी घट्ट बांधून घेऊन, ४६ पटीहून जास्त झेललं होतं. चमत्कार होताच, पण भागाकाराबाहेरचा नव्हता.

आणखी एक. जखमेवरून उलटा हिशोब करून ‘हा पडला नाही, ढकलला’ असले निष्कर्ष काढायच्या भानगडीत पडू नका. ढकलल्यानं आडवं अंतर बदलतं, दणका फारसा नाही. आणि ते काम तज्ज्ञांचं आणि पोलिसांचं.

नोंद कशी लिहायची

वहीत एवढं लिहा: वजन ७५, पडणं ३ मीटर, पायांवर, खाली काँक्रीट, थांबण्याचं अंतर १० ते ३० सेंटिमीटर धरलं, सरासरी ११ ते ३१ पट, म्हणजे ८ ते २३ किलोन्यूटन, शिखर त्याच्या दुपटीपर्यंत. दशांश चिन्हापुढचे आकडे लिहू नका. अंतरच अंदाजानं धरलंय, तर उत्तरात २२.७८५ लिहिणं हे हसं करून घेणं आहे.

हे सगळं नंतर, शांत बसून करायचं. माणूस पडलेला असताना आधी त्याला हलवू नका, मान-पाठ स्थिर ठेवा, १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना किलोन्यूटन सांगू नका. त्यांना हवं असतं ते असं: किती उंचीवरून, कशावर पडला, आधी शरीराचा कुठला भाग टेकला, शुद्ध गेली होती का, आणि किती वाजता.